काळवंडण्याचे भय आणि सावलीचा दुष्काळ

‘उन्हात हिंडू नकोस, काळी पडशील.’ मराठी घरात वाढलेल्या कोणत्याही मुलीच्या कानांवरून हे वाक्य गेले नसेल असे वाटत नाही. नागपुरात तर चैत्र लागला की महालाच्या गल्ल्यांतून, बडकस चौकापासून गांधी गेटपर्यंत, ते घरोघरी उच्चारले जाते. वाक्य मायेचे आहे, काळजीचे आहे. आणि तरीही नीट कान देऊन ऐकले तर चमत्कारिक आहे. ज्या गावात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर जाऊन बसला, त्या गावात मुलीला ‘भोवळ येईल’ किंवा ‘ऊन बाधेल’ असे सांगण्याआधी ‘काळी पडशील’ असे सांगितले जाते. तिच्या भावाला अडवताना तीच आई ‘ऊन लागेल’ असे म्हणते. एकच घर, एकच सूर्य. पण मुलाच्या बाबतीत प्रश्न प्रकृतीचा आणि मुलीच्या बाबतीत रंगाचा. प्रस्तुत लेखाचे भांडण या वाक्याशी आहे, आणि या वाक्याच्या भांडवलावर ज्यांनी अर्धशतक दुकान चालवले त्यांच्याशीही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. उन्हापासून त्वचेचे रक्षण ही निखळ आरोग्याची बाब आहे. ती आपण सौंदर्याच्या दुकानात गहाण टाकली. त्यामुळे दोन अनर्थ झाले. ज्यांना त्या रक्षणाची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाही. आणि ज्यांच्यापर्यंत पोचले त्यांच्या पदरात बऱ्याचदा रक्षणाच्या नावाने अपायच पडला.

प्रथम जरा दूर पाहू. युरोप-अमेरिकेत हा प्रश्न उलट्या तोंडाने उभा आहे. तिथे गोरी माणसे पैसे मोजून काळवंडतात. टॅनिंग बेड म्हणजे अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्यांची पेटी. माणूस तीत उघड्या अंगाने काही मिनिटे पडतो आणि समुद्रकाठी सुटी घालवून आल्याचा रंग घेऊन उठतो. १९७० च्या दशकात जर्मनीतून या धंद्याचा प्रसार झाला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या पेट्यांना पहिल्या गटात घातले. माणसाला कर्करोग होतो हे ज्यांच्याबाबत सिद्ध झाले आहे अशा गोष्टींचा हा गट; तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस याच पंक्तीत बसतात. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी होणारा टॅनिंग बेडचा वापर सरसकट बंद केला. अमेरिकेने २०१० पासून त्यावर १० टक्के कर बसवला. ऑस्ट्रेलियातील राज्यांनी २०१६ पर्यंत हा धंदाच बेकायदा ठरवला. एवढे होऊनही जगातून तो नाहीसा झालेला नाही. कर्करोग होतो हे ठाऊक असूनही लोक त्या पेटीत जाऊन पडतात.

हे वाचून नागपूरकर वाचकाला हसू येईल. आम्ही फुकटच्या उन्हाला कंटाळलो आणि हे लोक दिव्याखाली विकतचे ऊन खातात! परंतु हसणे आवरते घ्यावे. आपल्याकडच्या पार्लरच्या दरफलकावर ‘ब्लीच’, ‘डी-टॅन’, ‘टॅन रिमूव्हल’ हे शब्द दिसतात. तिकडे रंग चढवण्याचे पैसे, इकडे उतरवण्याचे. कृती उलट, पण इच्छा एकच: आपण कोणत्या वर्गातले आहोत हे आपल्या कातडीने पाहणाऱ्याला सांगावे.

युरोपात शेतीचे दिवस होते तोवर उन्हाने रापलेली कातडी ही कुळाची, मजुराची खूण होती. खानदानी बाई छत्री घेऊन फिरे. मग मजूर शेतातून कारखान्यात गेला, खाणीत गेला, तळघरात गेला. तो फिकट झाला. १९२० च्या दशकानंतर रापलेला रंग सुटीचा, समुद्रकिनाऱ्याचा, पैशाचा रंग ठरला. आपल्याकडे असा पालट झाला नाही, कारण आपला मजूर अजून उन्हातच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत ऐन उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारी बाई, वऱ्हाडात कापूस वेचणारी बाई, नागपुरात सिमेंटच्या रस्त्यावर गिलावा पसरणारी बाई, यांच्या हातापायांचा रंग हा त्यांच्या कामाचा रंग आहे. ‘काळी पडशील’ या वाक्याचा पूर्ण अर्थ ‘त्यांच्यासारखी दिसशील’ असा आहे. उत्तरार्ध आपण उच्चारत नाही, एवढेच. उच्चारण्याची गरजच पडत नाही.

हा नुसता वर्गाचाही प्रश्न नाही. उन्हात कोणी राबावे आणि ओसरीवर कोणी बसावे हे आपल्याकडे जातीने ठरवले. सावली या शब्दाला आपल्या इतिहासात एक फार कुरूप अर्थ चिकटलेला आहे. पेशवाईत अस्पृश्याची सावली पडून सवर्ण विटाळेल म्हणून त्याला रस्त्यावर येण्याचीही बंदी कशी होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले आहे. ज्या समाजाने माणसाच्या सावलीचा विटाळ मानला, त्याने माणसाला सावली मिळावी याची चिंता करावी ही अपेक्षा कदाचित भाबडी असेल. पण ती करायला हवी. आणि बाबासाहेबांनी धर्मांतरासाठी निवडलेल्या नागपुरात तर अधिक हवी.

आता दुकानाकडे वळू. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. त्यातले प्रमुख द्रव्य नियासिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. जोडीला ऊन अडवणारी द्रव्ये. म्हणजे पाहा, रोजच्या वापरातल्या ट्यूबमध्ये ऊन रोखण्याचा थोडाफार गुण होता. कंपनीला तो आरोग्याचा गुण म्हणून विकता आला असता. तिने विकला गोरेपणा. काळी मुलगी उदास, गोरी झाली की नोकरी, गोरी झाली की नवरा, ही कथा दूरदर्शनच्या पडद्यावरून दोन पिढ्यांना शिकवली गेली. २००५ नंतर पुरुषांसाठीही गोरेपणाची वेगळी ट्यूब आली. समतेचे स्वप्न असेही साकार होते!

२०२० साली अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी मोठी निदर्शने झाली आणि त्या लाटेत या ट्यूबचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. गोरेपणाच्या जागी ‘चमक’ आली, ‘उजळपणा’ आला, ‘निखार’ आला. वेष्टनावरचा शब्द गेला, ग्राहकाच्या मनातला अर्थ जागेवर राहिला. मराठीला याचे आश्चर्य वाटू नये. आपल्या वधूवर-जाहिरातींनी ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘सावळी’ अशी प्रतवारी फार आधी करून ठेवली होती. कापसाची किंवा संत्र्याची प्रत लावावी तशी ती लावली जाते. दरवर्षी आषाढात सावळ्या विठ्ठलासाठी पंढरपूरपर्यंत चालणारा समाज परत आल्यावर मुलाला ‘गोरी’ सून पाहतो. देवाचा सावळेपणा आपण गाभाऱ्यात ठेवून येतो.

इथवर कोणी म्हणेल की हे सारे मनाचे खेळ आहेत, त्याने कोणाचे काय बिघडले? बिघडले आहे, आणि मोजता येईल असे बिघडले आहे. गोरेपणाची घाई झालेल्या माणसाला नियासिनामाइडचा मंद परिणाम पुरत नाही. तो औषधाच्या दुकानात जातो. तिथे त्याला स्टेरॉइड असलेले मलम मिळते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असे तिहेरी मिश्रण वांगावर मर्यादित काळ, डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायचे असते. आपल्याकडे ते क्रीम म्हणून महिनोन् महिने चोपडले जाते. आठवड्याभरात चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, ट्यूब हातोहात पसरते. मग कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात, मुरमे येतात, नको तिथे केस येतात. मलम बंद केले की चेहऱ्याची आग होते, म्हणून पुन्हा मलम. या विकाराचे रुग्ण एवढे वाढले की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना त्याला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे स्वतंत्र नावच द्यावे लागले. यातली क्रूर गोष्ट अशी की या चेहऱ्याला सर्वांत असह्य काय होते, तर ऊन. उन्हाच्या भयाने लावलेले मलम कातडीची ऊन सोसण्याची ताकदच काढून घेते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला. चिठ्ठी मागणारे दुकान मात्र शोधावे लागते.

पाऱ्याची कथा याहून भयंकर आहे. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून बेनामी क्रीमांत तो मिसळला जातो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे नासवतो. २०२३ च्या आरंभी आपल्या अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची आणि तिचा माग मुंबईच्या केईएम रुग्णालयात एका गोरेपणाच्या क्रीमपर्यंत लागल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. केरळातल्या डॉक्टरांनीही त्याच सुमारास अशा रुग्णांची मालिका नोंदवली. अकोला नागपूरपासून दूर नाही. टॅनिंग बेडमध्ये पडणाऱ्या गोऱ्या मुलीला आपण वेडी म्हणतो. चेहऱ्याला पारा फासणारी मुलगी आपल्याच घरात आहे, आणि तिला त्या वेडापर्यंत आपणच आणून सोडले आहे.

या वादात दुसरी एक बाजू आहे, तिचाही समाचार घेतला पाहिजे. ती म्हणते, ‘हे सनस्क्रीन वगैरे गोऱ्यांचे चोचले, आपल्या कातडीला काही लागत नाही, आपले पूर्वज काय चोपडत होते?’ यात अर्धे सत्य आहे. काळ्या-सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे निसर्गाने दिलेले छत्र आहे आणि त्यामुळेच आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या देशांच्या मानाने फार कमी आहे. ज्या द्रव्याचा आपण एवढा दुस्वास करतो तेच आपले रक्षण करते, ही गोष्ट शाळेत पहिल्या इयत्तेपासून शिकवली पाहिजे. परंतु छत्र म्हणजे किल्ला नव्हे. वांग, उन्हाने उठणारे पुरळ, अकाली सुरकुत्या, डोळ्यांतील मोतीबिंदू यांना सावळी त्वचा अडवू शकत नाही. वांग तर सावळ्या त्वचेतच अधिक चिवट असतो. पूर्वज काय करत होते? ते पागोटे बांधत होते, डोईवरून पदर घेत होते, दुपारी कामाला विश्रांती देत होते आणि वाड्याच्या ओसरीवर पडत होते. निदान ज्यांना ओसरी होती ते तरी. पूर्वजांचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा.

काही साध्या गोष्टी या गदारोळात हरवल्या आहेत, त्या इथे नोंदवतो. ऊन आणि उष्मा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचा भाजणारे, रापवणारे अतिनील किरण सूर्य माथ्यावर असतो तेव्हा सर्वाधिक असतात. नागपुरात ती वेळ दुपारी बाराच्या जरा पुढे येते. उष्मा मात्र तीन-चारच्या सुमारास कळस गाठतो, कारण जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो. म्हणून सकाळी साडेदहा-अकराचे ‘सोसवणारे’ ऊन कातडीच्या दृष्टीने सौम्य नसते. आणि डिसेंबरात आपण कौतुकाने पाठ शेकतो ते दुपारचे ऊनही त्वचेला सर्वस्वी निरुपद्रवी नसते. सनस्क्रीन उष्म्याला रोखत नाही, उष्माघाताशी त्याचा काही संबंध नाही. त्यावरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या किरणांपुरता असतो; ३० चा आकडा ते सुमारे ९७ टक्के अडवतो आणि ५० चा सुमारे ९८ टक्के, म्हणजे किमतीतला फरक गुणातल्या फरकाहून बराच मोठा. वांग गडद करणारा दृश्य प्रकाश साध्या सनस्क्रीनला जुमानत नाही. त्याला लोहाच्या संयुगाची रंगीत छटा असलेले सनस्क्रीन लागते. आणि हा आकडा खरा ठरायचा तर थर जाड हवा: चेहरा आणि मान मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास, तोही दर दोन-तीन तासांनी. दिवसातून दोनदाच लावले तरी ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. काही शे रुपयांची ही ट्यूब बुधवार बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने दर महिन्याला विकत घ्यावी, असे कोणी सुचवणार असेल तर त्याने तिच्या शेजारी एक दुपार बसून दाखवावे.

म्हणूनच मला नागपूरच्या स्कार्फबद्दल बोलायचे आहे. उन्हाळ्यात डोळे तेवढे उघडे ठेवून चेहराभर दुपट्टा गुंडाळलेल्या, सनकोट आणि लांब हातमोजे चढवलेल्या स्कूटीवरच्या मुली ही या शहराची ओळख झाली आहे. यावर पुरुषांनी पुष्कळ विनोद करून झाले, नाके मुरडून झाली. मला विचाराल तर त्या मुलींनी सौंदर्याच्या कारणासाठी का होईना, योग्य तेच शोधून काढले. घट्ट विणीचे कापड हे कोणत्याही ट्यूबपेक्षा भरवशाचे, स्वस्त आणि धुऊन पुन्हा वापरता येणारे आहे. उन्हात राबणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याचा डोक्याचा दुपट्टा तेच सांगतो. पातळ जॉर्जेटची ओढणी मात्र फारसे काही अडवत नाही. दुःख एवढेच की या शहाणपणाच्या मुळाशी भय रंगाचे आहे. म्हणून मुलगी तोंड झाकते आणि टोपी घालत नाही, पाणी सोबत घेत नाही, डोळे उघडे टाकते. म्हणून तिचा भाऊ उघड्या डोक्याने, उघड्या मानेने, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात भर दुपारी जेवणाची पाकिटे पोचवत फिरतो. त्याला कोणी ‘काळा पडशील’ म्हणत नाही आणि त्यामुळे त्याच्या कातडीची काळजी करण्याची कोणाला गरजच भासत नाही. रंगाच्या भयाने मुलींचे जे थोडे रक्षण झाले, तेही मुलांच्या वाट्याला आले नाही.

ड जीवनसत्त्वाचा आक्षेप येथे हमखास येतो. एवढ्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्वदूर आढळते, मग अंग झाकायला का सांगता? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा. ही कमतरता मुख्यतः दिवसभर घरात, कचेरीत, बंद वर्गात असणाऱ्यांची आहे. हातपायांवर थोडा वेळ ऊन घेण्याने जे साधते त्यासाठी चेहरा करपवावा लागत नाही, आणि ज्यांना ऊन मिळत नाही त्यांच्यासाठी स्वस्त गोळी आहे. हा आक्षेप रस्त्यावर आठ तास उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला लागू करणे म्हणजे बुडणाऱ्याला तहान लागली असेल म्हणून पाणी देण्यासारखे आहे.

आणि ज्यांना खरोखरच सनस्क्रीन हवे असते त्यांचे काय? ज्याच्या अंगावर कोड आहे त्याच्या पांढऱ्या डागांत मेलॅनिन नसते. नागपूरचे ऊन तिथे अक्षरशः भाजते. जन्मतःच रंगद्रव्य नसलेल्या माणसांना तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका खरा असतो. ल्युपसच्या रुग्णाला उन्हाने आजार उसळतो. या माणसांसाठी सनस्क्रीन हे औषध आहे, पण ते विकले जाते प्रसाधन म्हणून, प्रसाधनाच्या किमतीत, गोऱ्यापान नटीच्या चित्रासह. येथे विरोधाभास पाहा: टॅनिंग बेडच्या दिव्याचा जवळचा भाऊबंद मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात असतो. कोडाच्या रुग्णाला त्याच्यापुढे उभे करतात, मात्रा मोजतात, सेकंद मोजतात, नोंद ठेवतात. तोच किरण दवाखान्यात मोजून दिला की उपचार आणि दुकानात हौसेने घेतला की विष. ही विवेकाची रेषा आपल्याला सनस्क्रीनच्या बाबतीत उलट दिशेने आखता आलेली नाही: जे औषध आहे ते आपण हौस म्हणून विकतो.

आता मूळ मुद्दा, सावलीचा. वर्तमानपत्रात छापले जाणारे तापमान हे सावलीतले असते. जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, वारा खेळता राहील अशा पांढऱ्या पेटीत ठेवलेला तो तापमापक असतो. २०१३ चे ४७.९ अंश हे त्या सुखवस्तू तापमापकाने सोसलेले तापमान आहे. सिमेंटवर उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाचे अंग काय सोसते ते त्या आकड्यात नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान खात्याने यंत्र सदोष असल्याचे सांगितले. चार दिवस आकड्यावर चर्चा झाली. रस्त्यावर सावली किती आहे याचा आकडा कोणी विचारला नाही, कारण तो आपण मोजतच नाही.

मे महिना सरता सरता, नवतप्याच्या दिवसांत, नागपुरात सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. शाळांत मुलांना हा खगोलीय चमत्कार दाखवतात. निसर्गाने हे वर्षातून दोन दिवस केले. नगररचनेने ते बारमाही केले आहे. जुन्या महालाची सावली झाडांची फारशी नव्हतीच. ती अरुंद गल्ल्यांची होती, पुढे आलेल्या लाकडी सज्जांची होती, वाड्यांच्या ओट्यांची होती. भोसल्यांच्या या राजधानीत एका घराची भिंत समोरच्या घराला ऊन लागू देत नसे. मग वाहने वाढली, रस्ते रुंद झाले. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात जुन्या इमारतींचे दर्शनी भाग गेले. रुंदीकरणाची गरज मी नाकारत नाही. पण भिंतीची सावली घेतल्यावर झाडाची सावली देण्याचे कर्तव्य कोणाचे? जो रस्ता रुंद झाला तो सिमेंटचा झाला, आणि सिमेंट गवतापेक्षा कितीतरी अधिक अतिनील किरण पुन्हा माणसाच्या तोंडावर फेकते. दुसऱ्या टोकाला सिव्हिल लाइन्समध्ये जा. साहेबाने लावलेल्या झाडांखाली आजचे साहेब राहतात. शहराचा सावलीचा नकाशा काढला तर तो उत्पन्नाच्या नकाशाशी किती जुळेल हे सांगायला तज्ज्ञ नको. २०२१ मध्ये अजनीच्या वनातील हजारो झाडांसाठी नागपूरकर रस्त्यावर आले, तेव्हा काही लोकांनी त्यांना विकासविरोधी म्हटले. माझ्या मते त्या दिवसांत या शहरात त्वचेच्या आणि जिवाच्या रक्षणाचा त्याहून मोठा कार्यक्रम दुसरा झाला नाही.

२०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा केला आणि २०१६ च्या सुमारास नागपूर महापालिकेनेही तसा आराखडा स्वीकारला, हे चांगले झाले. सूचना निघतात: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, पाणी प्या. सूचना शास्त्रशुद्ध आहेत. फक्त त्या ज्याला घर आहे, ज्याचा पगार महिन्याचा आहे आणि ज्याचे काम छपराखाली आहे त्याला उद्देशून लिहिलेल्या आहेत. अलीकडच्या उन्हाळ्यांत दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवण्याची सोय झाली. वाहनचालकाची दोन मिनिटे वाचली. चौकात फुगे विकणाऱ्या पोराचे काय वाचले? ज्याचे पोट रस्त्यावर आहे त्याला ‘रस्त्यावर येऊ नका’ हा सल्ला देणे म्हणजे त्याला उपाशी राहण्याचा सल्ला देणे आहे.

शेवटचा आक्षेप वैयक्तिक आवडीचा. ‘कोणाला गोरे व्हावेसे वाटले, कोणाला काळवंडावेसे वाटले, तुम्ही कोण?’ आक्षेप रास्त आहे. प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर समाजाचा हक्क नाही. परंतु जी आवड मुलगी पाळण्यात असल्यापासून मावशा, आत्या, शेजारणी आणि जाहिरातदार मिळून घडवतात, तिला वैयक्तिक म्हणणे हे जरा फारच झाले. बाळंतिणीच्या खोलीत ‘रंग कोणावर गेला?’ हा पहिला प्रश्न विचारणाऱ्यांनी निवडीच्या स्वातंत्र्याचे नाव घेऊ नये.

मग करावे काय? मागण्या मोठ्या नाहीत. स्टेरॉइडचे मलम चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानावर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी आणि ती कारवाई लोकांना दिसावी. बेनामी क्रीमांची पाऱ्यासाठी तपासणी नियमित व्हावी. कोड, ल्युपस आणि जन्मजात रंगहीनता असलेल्यांना सरकारी रुग्णालयातून सनस्क्रीन औषध म्हणून विनामूल्य मिळावे. उन्हाळ्यात बांधकामाची आणि सफाईची कामे पहाटे सुरू होऊन अकराच्या आत थांबावीत, आणि त्या तासांची मजुरी कापली जाऊ नये. रस्ता रुंद करताना पदपथावर सावली किती उरली हे मोजण्याचे बंधन कंत्राटात लिहिले जावे. झाड वाढेपर्यंत तिथे छप्पर असावे, माठ असावा, बसायला बाक असावा. बुधवार बाजारातल्या प्रत्येक विक्रेत्याच्या डोक्यावर पालिकेच्या खर्चाने ताडपत्री असावी. एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हा सगळा खर्च किरकोळ ठरेल.

आणि घरातल्यांनी करायचे ते अगदीच सोपे आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मुलगा असो की मुलगी, उन्हात निघाल्यावर त्याच्या डोक्यावर दुपट्टा बांधा, हातात पाण्याची बाटली द्या, आणि तोंडाने फक्त एवढेच म्हणा: ‘ऊन लागेल, सांभाळ.’ रंगाचा उल्लेख करू नका. मराठीत ‘केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे वडीलधारे अभिमानाने सांगतात. एवढा अनुभव गाठीशी असलेल्यांना एक शब्द गाळणे जड जाऊ नये.